ऑस्ट्रेलियात विद्युत मोटार वापरताना आणि तिची शिफारस करताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात ज्याच्या दारात विद्युत मोटार उभी असते, त्याला कार्यालयात, मुलांच्या क्रिकेटच्या मैदानावर आणि मराठी मंडळाच्या गणपतीतही तिच्याविषयी विचारले जाते, आणि त्याचे अनुभव ऐकूनच अनेक घरे आपला निर्णय ठरवतात. त्यामुळे मालकाच्या हातून होणाऱ्या चुकांची किंमत या गाड्यांच्या प्रसारालाही मोजावी लागते.

सर्वांत धोकादायक चूक घरच्या चार्जिंगमध्ये होते. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट येथे एका स्नेह्यांच्या घरी गाडी अंगणात आणि प्लग गॅरेजच्या आत अशी अडचण होती, म्हणून त्यांनी बागकामाची लांब एक्स्टेन्शन वायर रिळावर गुंडाळलेली असतानाच जोडून दिली. सकाळी मी पाहिले तेव्हा सॉकेटची पांढरी पट्टी एका फटीभोवती तपकिरी पडली होती आणि गॅरेजमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. येथील साध्या सॉकेटची क्षमता 10 अँपिअर असते. चहाची किटली तेवढा प्रवाह तीन मिनिटे घेते, तर गाडी तोच प्रवाह रात्रभर घेते, आणि गुंडाळलेल्या वायरीतील उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. 15 अँपिअरच्या प्लगची अर्थिंगची पट्टी रुंद असते व ती साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. ती कानशीने घासून बसवणारे लोकही आहेत, आणि हे तर जिवावर बेतणारे आहे. सॉकेट गरम लागत असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे, गाडीच्या पडद्यावरून प्रवाह 8 किंवा 6 अँपिअरवर आणण्याची सोय असल्यास सॉकेट बदलून झाल्यावरही ती वापरावी, आणि दुरुस्ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, कारण या देशात घरची वायरिंग स्वतः करणे बेकायदा आहे.

याच्या उलट चूक म्हणजे गरज नसताना हजारो डॉलर खर्चून मोठा चार्जर बसवणे. येथील मोटार वर्षाला सरासरी 12,000 किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे दिवसाला पस्तीसही नाही, आणि सुस्थितीतील साध्या सॉकेटवर रात्रीच्या दहा तासांत शंभराहून अधिक किलोमीटरचे चार्जिंग होते. छतावर सौरपॅनेल असतील, तर गाडी शक्य तेव्हा दुपारी लावावी. कंपनीला विकलेल्या विजेचे दर इतके उतरले आहेत की ती वीज आपल्याच गाडीत भरणे बहुधा फायद्याचे ठरते.

गाडी अचानक निर्जीव झाली, दारही उघडेना, तर मुख्य बॅटरीला दोष देण्याआधी 12 व्होल्टची लहान बॅटरी तपासावी. मुख्य बॅटरी 70 टक्के भरलेली असली तरी ही लहान बॅटरी उतरली की गाडी सुरू होत नाही. किल्लीच्या रिमोटमध्ये दडवलेली धातूची चावी कोठे लागते, हे मालकांनी आधीच पाहून ठेवावे.

लांबच्या प्रवासातील बहुतेक मनस्ताप जाहिरातीतील आकड्यांवर विसंबल्याने होतो. बीवायडी अ‍ॅटो 3 या गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारासाठी पल्ला मोजण्याच्या जुन्या एनईडीसी चाचणीने 480 किलोमीटर सांगितले गेले, तर नव्या डब्ल्यूएलटीपी चाचणीने 420. आणि सिडनी व मेलबर्नला जोडणाऱ्या ह्यूम महामार्गावर ताशी 110 च्या वेगाने तेवढेही मिळत नाहीत, मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, जोडली तर पल्ला जवळजवळ निम्मा होतो. सिडनी ते मेलबर्न हे अंतर सुमारे 880 किलोमीटर आहे. वेगवान चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग झपाट्याने कमी होतो, म्हणून ईस्टरच्या गर्दीत मागे रांग असताना शंभर टक्क्यांसाठी अडून बसण्यापेक्षा दोन छोटे थांबे घ्यावेत, आणि पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्यापुढच्यापर्यंत पोहोचता येईल इतके चार्जिंग हाताशी ठेवावे. चार्जिंग सुरूच होत नसेल, तर वेगवान चार्जरचा जड प्लग (सीसीएस) कुलूप लागेपर्यंत हाताने वर उचलून दाबून धरावा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. अनेक साध्या चार्जरना केबल नसते, तेव्हा अशा चार्जरला लागणारी स्वतःची केबल (टाइप 2) डिकीत असावी.

नोव्हेटेड लीजवर, म्हणजे नोकरीच्या पगारातून हप्ते कापले जाणाऱ्या भाडेकरारावर, गाडी घेताना 1 जुलै 2022 पासूनच्या फ्रिंज बेनिफिट करमाफीचा (नोकरीत पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या लाभावरील करातून सूट) हिशोब अर्धवट केला जातो. कर माफ झाला तरी त्या लाभाची रक्कम वार्षिक नोंदीत दाखवली जाते, आणि तिच्यामुळे कुटुंबाला मिळणारे सरकारी साहाय्य किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता बदलू शकतो. प्लग-इन हायब्रिडसाठीची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज करता येणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांसाठीची, ही सवलत तर नव्या करारांना 1 एप्रिल 2025 पासून मिळत नाही.

आता प्रसाराविषयी. 2019 च्या निवडणुकीत पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी या गाड्यांमुळे ऑस्ट्रेलियन माणसाची सुट्टीची मजाच संपेल, असा प्रचार केला होता. अशा अतिशयोक्तीला समर्थकांनी दुसऱ्या अतिशयोक्तीने उत्तर दिले की ऐकणाऱ्याचा दोघांवरचाही विश्वास उडतो. व्हिक्टोरियातील बरीचशी वीज आजही लिग्नाइट कोळशापासून येते, हे समोरच्याने म्हणण्याआधी आपणच सांगावे आणि त्यानंतर दुपारच्या सौरविजेचे गणित मांडावे. जो दर आठवड्याला कॅरॅव्हॅन ओढतो, त्याला सध्या ही गाडी सोयीची नाही, असेही स्पष्ट सांगता आले पाहिजे.

सदनिकांच्या इमारतींत मात्र प्रसाराला खरा वाव आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 2021 पासून चार्जिंगच्या सोयीसारखा पर्यावरणपूरक ठराव, विरोधातील मते 50 टक्क्यांहून कमी असली तर स्ट्राटाच्या, म्हणजे सदनिकाधारकांच्या संस्थेच्या, सभेत मंजूर होतो. तेथे केवळ आपल्या जागेपुरती जोडणी मागणे ही चूक आहे, कारण पहिल्या तीनचार जणांनी क्षमता वापरून टाकली की पाचव्याला नकार मिळतो आणि त्याचा राग गाड्यांवर निघतो. ठरावात संपूर्ण इमारतीच्या वीजभाराची तपासणी, भार आपोआप वाटून देणारी यंत्रणा आणि प्रत्येकाचे वेगळे मीटर या तीन गोष्टी मागाव्यात, व अंदाजपत्रक सभेच्या नोटिशीसोबतच सर्वांना द्यावे.