जुन्या गाडीच्या पत्राकामासाठी वेल्डिंग मशीन घेताना या चुका टाळा

घरी वापरण्यासाठी वेल्डिंग मशीन निवडताना बहुतेकांची नजर आधी कमाल अँपिअरच्या आकड्यावर जाते आणि २०० अँपिअरचे मशीन १४० अँपिअरच्या मशीनपेक्षा सरस, असे मनाशी ठरून जाते. जुन्या गाडीच्या कामात हा हिशेब उलटा पडतो. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो आणि गंजाच्या कडेला तर तो त्याहूनही पातळ झालेला असतो. त्यामुळे मशीन किती वर जाते यापेक्षा ते किती खाली उतरते आणि तिथे आर्क (धातू वितळवणारी विजेची सलग ठिणगी) न तुटता टिकतो का, हे पाहावे लागते. ३० अँपिअरच्या आसपास स्थिर चालणारे मिग मशीन, म्हणजे हातातल्या टॉर्चमधून तार आपोआप पुढे सरकवत जोडणारे मशीन, या कामाला योग्य ठरते. ६० अँपिअरच्या खाली न उतरणाऱ्या मशीनने पत्र्याला भोक पडते आणि ते बुजवता बुजवता शेजारी दुसरे पडते.

रॉडचे आर्क मशीन स्वस्त असते आणि चेसिसच्या जाड लोखंडावर ते उत्तम चालते, पण दाराच्या पत्र्यावर त्याची धग आवरत नाही. जोडाला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचा खर्च वाचवण्यासाठी केवळ फ्लक्सच्या तारेवर (जिच्या पोटातली भुकटी त्या गॅसचे काम करते) चालणारे मिग मशीन घेणे ही त्याच जातीची चूक आहे, कारण ही तार ठिणग्या फार उडवते आणि पातळ पत्रा सहज जाळते. आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण आणि ०.६ मिलिमीटरची साधी तार ही जोडी पत्र्याला मानवते. मात्र मशीनच्या तार सरकवणाऱ्या रोलरला ०.६ ची खाच आहे का, हे घेण्यापूर्वी विचारावे. विक्रेते ते आपणहून क्वचितच सांगतात. दोन्ही तारा वापरायच्या असतील तर ध्रुव बदलण्याची सोयही हवी, कारण गॅससह साध्या तारेसाठी टॉर्च धन टोकाला आणि गॅसविना फ्लक्सच्या तारेसाठी बहुधा ऋण टोकाला जोडावा लागतो.

ड्यूटी सायकलची चिंता मात्र अनेकजण उगाच करतात. २० टक्के म्हणजे दिलेल्या प्रवाहावर दहा मिनिटांत दोन मिनिटे वेल्डिंग. पत्रा वाकू नये म्हणून तो सलग न जोडता दूर दूर अंतरावर टॅक (ठिपक्यांसारखे छोटे जोड) मारून थंड होऊ द्यावा लागतो, त्यामुळे ही मर्यादा सहसा आड येत नाही.

किमान प्रवाहावरही भोके पडत असतील, तर दोन पत्र्यांमधली फट आणि तारेची जाडी तपासावी. जोडात बारीक छिद्रे दिसली, तर वाऱ्याने गॅस उडतो आहे किंवा रंग, गंज अथवा जस्ताचा थर नीट घासलेला नाही, असे समजावे. आर्क अडखळत असेल, तर मशीन सदोष ठरवून परत नेण्याआधी अर्थचा चिमटा रंगावर लावला आहे की घासून उघड्या केलेल्या धातूवर, आणि एक्स्टेन्शनची वायर फार बारीक व लांब तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.