टॅरेंटुला खात नाही? किडा डोकं ठेचून द्या

रोझ हेअर जातीसारखा संथ वाढणारा टॅरेंटुला (मोठा केसाळ कोळी), त्यातही पिल्लू, जिवंत किडा दिसला की कोपऱ्यात दबून बसतो आणि आपला जीव टांगणीला लागतो. माझं पिल्लू नखाएवढं होतं तेव्हा हे जमलं:

१. मीलवर्म या खाद्य-अळीचं डोकं चिमट्याने ठेचा, पोटाएवढाच तुकडा कापा.
२. दिवे मालवल्यावर तो बिळाच्या तोंडाशी ठेवा. ओला भाग वर.
३. सकाळी उरलेला उचला, नाहीतर नागपूरच्या दमट पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते.
४. नाही खाल्लं तर आठवडाभर विसरा. रोज डबा उघडून डिवचलंत तर तो आणखीच आखडतो.

पाणी मात्र कायम हवं. बाटलीचं झाकण पुरतं. मे महिन्यात ते दिवसात कोरडं पडतं, म्हणून माझी फेरी सकाळ-संध्याकाळ. डबा कूलरच्या झोतात नको आणि त्या खोलीत डासांची कॉइल, स्प्रे तर मुळीच नको.

पोट टम्म, काळपट, चकचकीत दिसलं तर तो कात टाकणार आहे, उपाशी नाही. तेव्हा जिवंत किडा आत सोडू नका. कात टाकताना उलट्या पडलेल्या कोळ्याला तोच कुरतडतो. कात टाकल्यावरही दात काळे होईपर्यंत थांबा.