जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

जुना ट्रॅक्टर घेतला की नवखा माणूस दोन गोष्टी हमखास करतो. आधी त्याला रंग देतो आणि इंजिन बंद पडलं की 'पंप गेला' म्हणून मोकळा होतो. इंजिनाला दाबाने डिझेल देणारा हा पंप जातोही, नाही असं नाही. पण टाकीतून पंपापर्यंत डिझेल पोचतंय का, हे न बघताच पंप उतरवणाऱ्यांची मला चीड येते. मीही त्यातलाच होतो, म्हणून जरा जास्तच येते.

माझा पहिला ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायचा. अर्धा तास लोडवर चालला की आचके द्यायचा आणि बंद पडायचा. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. मी फिल्टर बदलले, एअर (डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा) काढली, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासून आणले, शेवटी पंपही उतरवला. बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, गिअरच्या एका दाताने चुकलं आणि इंजिन ठोकायला लागलं, ते निस्तरण्यात आणखी एक दिवस गेला. एवढं करून ट्रॅक्टर अर्ध्या तासाने बंदच!

मग एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी टाकीखालचा पाइप सोडला, खाली डबा धरला आणि नुसते बघत बसले. मी म्हटलं, "काका, हे मी केलंय. डिझेल येतंय."

"किती वेळ बघितलंस?"

मी गप्प. दोन-तीन मिनिटांत धार बारीक झाली, मग नुसते थेंब. टाकीत गवताची काडी आणि गाळ होता. डिझेल ओढलं जाताना तो भोकावर येऊन बसायचा, इंजिन थांबलं की सुटायचा. मी धार दहा सेकंद बघून समाधान मानलं होतं.

आता इंजिन असं चालून-चालून बंद पडत असेल, तर मी पाने बाहेर काढण्याआधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघतो. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हीच लक्षणं दिसतात. मग डबा धरून बसायचं, निदान पाच मिनिटं.

एअर काढण्यातही घाई नडते. टाकीकडून सुरुवात करा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. बुडबुडे संपेपर्यंत सोडायचं नाही. रोज सकाळी एअर धरत असेल, तर ती रोज काढत बसणं हा काही इलाज नव्हे. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) अलीकडे, टाकीच्या बाजूला, पाइप हवा ओढत असेल, तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, म्हणून लोक तिकडे बघत नाहीत. मी तिथले तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाकतो. जुनाच वॉशर घासून पुन्हा बसवणारे मला माहीत आहेत, पुढच्या आठवड्यात तेच फोन करतात. आणि इंजिन फिरत असताना नोझलची गळती बोटाने चाचपू नका, ती बारीक धार कातडीत घुसते.

सुरू होत नाही म्हणून हवेच्या पाइपात इथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे मारणं मला अजिबात पटत नाही. त्यात हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून तापणारे) असतील तर तो निव्वळ मूर्खपणा. आधी बॅटरीची टोकं आणि अर्थिंगची पट्टी घासा. सेल्फ हळू फिरत असेल तर डिझेलला दोष देऊन काय होणार?

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा जातो. रेडिएटरचं झाकणही तेव्हा उघडू नका.

काळा धूर दिसला की नोझलआधी एअर क्लीनर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल-बाथ क्लीनरमध्ये (धूळ ऑइलात पकडणाऱ्या एअर क्लीनरमध्ये) खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर तेही ओढलं जातं, तेवढं बघूनच पिस्टनच्या रिंगांवर शंका घ्या. थंड इंजिनाने पहिली काही मिनिटं पांढरा धूर सोडला तर घाबरायचं कारण नाही. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र हेडखालच्या गॅसकेटकडे बघा.

ऑइलची पट्टी रोज काढून बघायची. लेव्हल कमी झाल्यावर सगळेच ओरडतात, वाढल्यावर कुणी बोलत नाही. वाढली तर वास घ्या. डिझेलचा वास आला, तर बहुतेक फीड पंपातून उतरतंय. ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी आहे, सेल्फला हातही लावू नका.