बेंचमार्कची योग्य आवृत्ती कशी निवडावी आणि कशी चालवावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या डिझाइन विभागासाठी नवे संगणक घ्यायचे होते, तेव्हा दोन दुकानांची कोटेशन माझ्यासमोर आली. एकावर सिनेबेंच या बेंचमार्कचा, म्हणजे संगणकाकडून चित्र रेखाटून घेऊन प्रोसेसरच्या वेगाला गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आकडा ११,००० च्या आसपास होता, तर दुसऱ्यावर ६५० च्या जवळपास, आणि साहजिकच दुसरे कोटेशन बाजूला पडले होते. वास्तविक दोन्ही संगणकांत रायझन ५ ५६०० हाच प्रोसेसर होता. पहिला आकडा सिनेबेंच आर२३ या आवृत्तीचा होता आणि दुसरा सिनेबेंच २०२४ या आवृत्तीचा. आवृत्तीचे नाव कोटेशनवर कोणीच लिहिले नव्हते, आणि तेवढ्यावरून काही लाखांची खरेदी चुकीच्या बाजूला झुकणार होती.

म्हणून चाचणी सुरू करण्यापूर्वी आपला आकडा कशाशी ताडून पाहायचा आहे, हे निश्चित करावे. कार्यालयातील जुन्या संगणकाची नोंद सिनेबेंच आर२० ची असेल, तर नव्या संगणकावरही आर२० च चालवावे, मग बाजारात त्यापुढच्या कितीही आवृत्त्या आलेल्या असोत. दोन्ही संगणक समोर असतील, तर दोघांवर चालू शकेल अशी सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी. सिनेबेंच २०२४ ला १६ जीबी रॅम लागते. त्यामुळे तुलनेतील एखाद्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीच असेल, तर दोन्हीकडे आर२३ वापरणे योग्य ठरते.

आवृत्ती बदलली की आकड्याचा अर्थच का बदलतो, हे समजून घेतले म्हणजे ही शिस्त जाचक वाटत नाही. २०१९ मध्ये आलेले आर२० आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेले आर२३ यांच्या गुणांची मोजपट्टी वेगळी आहे, शिवाय आर२३ मध्ये चाचणी किमान १० मिनिटे चालवण्याची सोय मूळ मांडणीतच आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या सिनेबेंच २०२४ ने तर चित्र रेखाटणारे इंजिनच बदलून रेडशिफ्ट घेतले. एका आवृत्तीच्या आकड्याला ठरावीक संख्येने गुणून दुसऱ्या आवृत्तीचा आकडा काढण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, परंतु वेगवेगळ्या घडणीच्या प्रोसेसरांवर हे गुणोत्तर सारखे राहत नाही, म्हणून ते करू नये.

गीकबेंच या दुसऱ्या बेंचमार्कमध्ये हा फरक अधिक खोलवर जातो. गीकबेंच ५ मध्ये इंटेलच्या कोअर आय३-८१०० या प्रोसेसरला १,००० गुण धरले होते. २०२३ मध्ये आलेल्या गीकबेंच ६ मध्ये कोअर आय७-१२७०० ला २,५०० गुण धरले आहेत. याहून महत्त्वाचे म्हणजे पाचव्या आवृत्तीत प्रोसेसरमधील प्रत्येक कोअरला, म्हणजे गणना करणाऱ्या प्रत्येक भागाला, स्वतंत्र काम दिले जात असे, तर सहाव्या आवृत्तीत सर्व कोअर मिळून एकच काम वाटून घेतात. त्यामुळे पुष्कळ कोअर असलेल्या संगणकाची आघाडी सहाव्या आवृत्तीत कमी दिसते. साच्यातील धातूच्या प्रवाहाचे सिम्युलेशन तासन्‌तास चालवणाऱ्या विभागाने केवळ गीकबेंच ६ वरून निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी सिनेबेंचची दीर्घ चाचणी अधिक जवळची आहे.

ग्राफिक्ससाठी थ्रीडीमार्क वापरताना चाचणीचे नावही लिहावे, कारण फायर स्ट्राइक, टाइम स्पाय आणि २०२४ मधील स्टील नोमॅड या तीन निरनिराळ्या चाचण्या आहेत. डिस्कचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कच्या सहाव्या आणि आठव्या आवृत्तीत सलग वाचनाची चाचणी वेगळ्या रीतीने होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सॉफ्टवेअर निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. ॲपलच्या एम मालिकेतील मॅकवर आर२० हे रोझेटाच्या, म्हणजे इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम ॲपलच्या प्रोसेसरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अनुवादातून चालते, तर आर२३ थेट चालते. म्हणून अशा मॅकवरचा आर२० चा आकडा यंत्राची खरी ताकद दाखवत नाही. चालू असलेला प्रोग्रॅम ॲपलचा आहे की इंटेलचा, हे ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील ‘काइंड’ या रकान्यात दिसते. थेट चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘गेट इन्फो’मध्ये रोझेटाची खूण चुकून राहिली असेल, तर ती काढून टाकावी.

आता प्रत्यक्ष चाचणी. लॅपटॉप चार्जरला जोडावा, दोन्ही यंत्रांवर पॉवर मोड एकच ठेवावा, विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी पूर्ण होऊ द्यावी, आणि संगणक सुरू केल्यावर काही मिनिटे थांबावे. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या छपराखालील कार्यालय चांगलेच तापते आणि अशा खोलीत १० मिनिटांच्या चाचणीत प्रोसेसर गरम होऊन आपला वेग कमी करतो. एका संगणकाची चाचणी सकाळी आणि दुसऱ्याची भर दुपारी घेतली, तर त्यांतील फरक यंत्रांचा आहे की हवेचा हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच वेळेला तपासावीत. तीन वेळा चाचणी घेऊन मधला आकडा धरावा. पहिला आकडा मोठा आणि पुढचे दोन क्रमाने उतरते आले, तर त्या यंत्राची कूलिंग व्यवस्था पाहावी.

नोंद करताना आकड्यासोबत आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, एका कोअरची चाचणी की सर्व कोअरची, चाचणीचा कालावधी, रॅमचा वेग आणि तारीख लिहावी. गीकबेंच ६.३ मध्ये प्रोसेसरच्या नव्या सूचनासंचाचा (त्याला समजणाऱ्या आज्ञांच्या संचाचा) आधार वाढला, त्यामुळे दशांशानंतरचा अंकही गाळू नये. ज्या फाइलवरून सॉफ्टवेअर बसवले, ती फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी पुढची खरेदी करताना हीच आवृत्ती पुन्हा हाताशी असेल.