एफसीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायच्या आधी

पावसाळ्यात आमचा एफसी-१५०, म्हणजे विलीज जीपच्या घराण्यातला जुना ट्रक, रोज सकाळी रडवतो. डेल्कोची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप उघडली की आतून घाम आलेला, पॉइंटवर (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) राखाडी थर, एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा, आणि पॉलिश पेपर मारून मारून आता गॅपही धड बसत नाही. म्हणून यंदा मिरगाच्या आधी पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकायचंच. बहुतेकांनी कधीच डिझेल इंजिन टाकलंय, पण ज्यांचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन अजून जिवंत आहे त्यांनी ही तयारी करून ठेवा. किट बसायला दोन तास बास, खरा वेळ वायरिंग साफ करण्यात जातो आणि आपल्या खाऱ्या हवेत सगळं त्यावरच अवलंबून आहे.

किट मागवण्याआधी बॅटरी बघा, जुन्या विलीज ६ व्होल्टच्या असायच्या, तुमची १२ ची केलेली आहे का आणि बॉडीला निगेटिव्हच अर्थ आहे ना ते डोळ्यांनी बघा, कारण वायर उलटी लागली तर किटचं मॉड्यूल (पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक भाग) तिथल्या तिथे जातं. डेल्कोचा नंबर लिहून घ्या, कोणाच्या गाडीवर कुठला बसवलाय सांगता येत नाही. डेल्कोतला फिरणारा रोटर धरून शाफ्ट आडवा हलवा, खडखड हलत असेल तर आधी बुश बदला, तसंच किट टाकलंत तर पैसे पाण्यात.

मग मल्टिमीटर. इग्निशन चालू करून कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज बघा, पण हे पॉइंट मिटलेले असताना, उघडे असताना आकडा फसवतो. बॅटरीपेक्षा बराच कमी आला तर मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा) असेल किंवा स्विच गंजलाय. मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, तेव्हा त्याची लाल वायर बॅलास्टच्या आधी, स्विचच्या बाजूला जोडायची. कॉइलच्या प्रायमरीचे ओहम पण मोजा आणि किटच्या कागदाशी जुळवा.

आता अर्थिंग, इथे घाई नको. मासळीचे क्रेट वाहिलेल्या गाडीत खारं पाणी चेसिसवर ठिबकतच राहतं. मी गेल्या वर्षी कॉइल बदलली, प्लग बदलले, मिसिंग जाईना, शेवटी डेल्कोच्या आतली प्लेटची बारीक अर्थ वायर कापडी वेष्टनाच्या आत तुटलेली निघाली, बाहेरून अगदी नवी दिसत होती. ती ओढून बघा. इंजिन ते चेसिस पट्टी सोडवा, खालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, घट्ट करून वरून ग्रीस. जुन्या वायरचं टोक सोललं आणि तांबं काळं निघालं तर मागे मागे कापत जा, बोटभर कापूनही काळंच असेल तर वायरच बदला.

सामानात दीड स्क्वेअरची टिन केलेली वायर (बंदरावर होड्यांचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्याकडे विचारा), थिंबल, दाबायची पक्कड, गोंदवाली हीट श्रिंक, फीलर गेज, टायमिंग लाइट. चिकटपट्टी गुंडाळून भागणार नाही, दमट हवेत महिन्याभरात सुटते. प्लगच्या वायरी कार्बनवाल्या घ्या, साध्या तांब्याच्या वायरींचा गोंधळ काही मॉड्यूलना चालत नाही.

आदल्या दिवशी केबिनमधलं इंजिनचं कव्हर काढा, प्लगच्या वायरींवर नंबर चिकटवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम) १-३-४-२. एक नंबर सिलिंडरचा पिस्टन टॉपला आणून रोटर कुठे बघतोय तिथे डेल्कोच्या बॉडीवर खडूने खूण आणि फोटो. काम चालू असेपर्यंत बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, किट बसल्यावर इंजिन बंद असताना चावी ऑनवर ठेवायची नाही, टेप ऐकायलासुद्धा नाही, मॉड्यूल तापून जळतं. आणि जुने पॉइंट-कंडेन्सर पुसून, तेलाचा हात लावून डब्यात घालून सीटखाली ठेवा, कशेडी घाटात अडकलात तर तेवढ्यावर घरी याल.