डिस्टिलरीसोबत किण्वनाचा प्रकल्प करताना

गुप्ततेच्या करारावर सह्या झाल्याशिवाय मळीचा (साखर बनवताना उरणारा दाट पाक, जो आंबवून इथेनॉल बनवतात) डबाही हलवू नका. पेटंट कोणाच्या नावे, शोधनिबंध कधी छापायचा, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. पेटंटचा अर्ज करण्याआधी विद्यार्थ्याने परिषदेत पोस्टर लावलं, तर नावीन्याचा दावा बुडू शकतो. म्हणून शोधनिबंधाचा किंवा पोस्टरचा मसुदा कंपनीने 30 दिवसांत तपासून द्यावा, असं कलम घाला. मुदतच नसेल तर पीएचडी रखडते, आणि हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

खरी गफलत होते ती कच्च्या मालात. शुद्ध ग्लुकोजवर निवडलेलं यीस्ट कारखान्यात मार खातं, कारण मळीत क्षार, कॅल्शियम आणि बाष्पनशील आम्लं असतात. त्यामुळे कारखान्याचीच 20 लिटर मळी आणा. तळाला गाळ बसतो, तेव्हा टाकी ढवळून मगच नमुना घ्या. डब्यावर टाकीचा क्रमांक, तारीख, ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण) लिहा आणि 4 अंश सेल्सिअसला ठेवा.

साखर मोजताना सुक्रोजचं आधी आम्लाने विघटन करा, नाहीतर क्षपणकारी साखरेच्या चाचणीत ते मोजलंच जात नाही. 1 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 0.511 ग्रॅम इथेनॉल मिळतं. तुमचा उतारा याच्या वर दिसला तर बहुधा विघटनाची पायरी राहिली आहे आणि साखर कमी मोजली गेली आहे.

फ्लास्कमधली उष्णता सहज निघून जाते, मोठ्या टाकीत ती साठते. कूलिंग कमी पडलं की यीस्ट मंदावतं. म्हणून 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 30 अंशांसोबत 36 अंशांनाही चाचणी घ्या, मगच 5 लिटरच्या किण्वनपात्राकडे वळा.