बेसबॉल संघ आपटला? हिवाळ्यात या चुका टाळा

ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिज रंगते, तेव्हा ज्यांचा संघ सप्टेंबरातच गारद झाला त्यांना एकच उद्योग उरतो: कोणाला काढायचं आणि कोणाला आणायचं. मेजर लीगमध्ये १६२ पैकी ९० सामने हरलेल्या क्लबच्या मालकापासून शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत सगळ्यांची यादी तयार असते. आणि बहुतेक याद्यांत दोषाचा पत्ता नसतो, नुसती मोठी नावं असतात.

आयपीएलच्या सवयीने बघणाऱ्यांसाठी आधी थोडं. इथे लिलाव नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो, मग तो फ्री एजंट होऊन हवा तिथे करार करतो. बाकीचे बदल ट्रेडने होतात, म्हणजे खेळाडू देऊन खेळाडू घेणं. करार बहुधा पूर्ण हमीचे असतात. खेळाडू ढेपाळला, त्याला घरी पाठवलं, तरी पैसे चुकते करावेच लागतात. त्यामुळे एका डिसेंबरात केलेली चूक पाचपाच वर्षं छळते.

गुणतक्त्यावरून रोग ठरवणं

सर्वांत आधी बघायचं ते हे, की संघ खरोखर तेवढा वाईट होता का. यासाठी एक सोपा हिशेब आहे. काढलेल्या धावांचा वर्ग करा. त्याला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळतं.

२०२३ चा सॅन डिएगो पॅड्रेस घ्या. पगाराच्या बाबतीत पहिल्या तीन-चार क्लबांत, संघात मॅनी मचाडो, हुआन सोटो, फर्नांडो टाटिस, झँडर बोगार्ट्स, आणि शेवटी ८२ विजय, ८० पराभव. प्लेऑफ हुकला. खेळाडूंत जिद्द नाही, ड्रेसिंग रूम फुटली आहे, अशा चर्चांना ऊत आला. पण धावा बघितल्या तर काढलेल्या ७५२, दिलेल्या ६४८. हिशेबाने ९२-९३ विजय व्हायला हवे होते. ते गेले कुठे? एका धावेने लागलेल्या निकालांत ९ विजय, २३ पराभव. जादा इनिंगच्या सामन्यांत २ विजय, १२ पराभव. असा आकडा पुढच्या वर्षी पुन्हा सहसा येत नाही. त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, थोडा राखीव पिचरांचा, म्हणजे सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) थकल्यावर येणाऱ्यांचा.

सॅन डिएगोने संघ उधळून लावला नाही. पैशांची चणचण होती, सोटोचा एकच वर्ष ताबा उरला होता, आणि स्नेल, लुगो, वाका, हेडर असे एकाहून एक पिचर फ्री एजंट होऊन निघाले होते. म्हणून त्यांनी सोटोला न्यूयॉर्क यँकीजकडे दिलं आणि बदल्यात मुख्यतः पिचर घेतले. त्यातला मायकल किंग न्यूयॉर्कमध्ये बराच काळ राखीव पिचर होता. सॅन डिएगोने त्याला सामन्याची सुरुवात करायला लावलं. २०२४ मध्ये त्याने १३ सामने जिंकले, दर नऊ इनिंगांमागे २.९५ धावांची सरासरी राखली, २०१ बळी (स्ट्राइकआउट) घेतले. संघ ९३ सामने जिंकला. सोटोशिवाय.

उलटंही होतं, हे विसरू नका. धावांचा हिशेब ७३ विजय सांगत असेल आणि प्रत्यक्षात ८१ झाले असतील, तर "थोडक्यात हुकलं, एक मोठा खेळाडू आणला की झालं" हा भ्रम फार महागात पडतो.

नाव घेतलं, जागा रिकामीच राहिली

बॉस्टन रेड सॉक्सचे दोन हिवाळे शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. जनरल मॅनेजर, म्हणजे कोणाला आणायचं-काढायचं ते ठरवणारा, तोच, बेन चेरिंग्टन. मालक तेच. दोन्ही वेळा संघ आपल्या गटात शेवटचा.

पहिला २०१२-१३ चा. संघ ६९-९३. ऑगस्टमध्येच त्यांनी एड्रियन गोन्झालेस, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट यांना लॉस एंजेलिस डॉजर्सच्या गळ्यात मारून २५ कोटी डॉलरहून जास्त देणं डोक्यावरून उतरवलं होतं. आता पैसे होते, आणि बाजारात मोठी नावंही होती. त्यांनी एकही घेतलं नाही. उजव्या मैदानात धावणारा हवा होता, शेन व्हिक्टोरिनो आला. डावखुऱ्या पिचरांना मारणारा हवा होता, जॉनी गोम्स आला. दुसरा कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) डेव्हिड रॉस, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) स्टीव्हन ड्रू, पिचर रायन डेम्प्स्टर, बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, कोजी उएहारा. पहिल्या बेसला माइक नेपोली. त्याच्याशी तीन वर्षांचे ३ कोटी ९० लाख ठरले, मग वैद्यकीय तपासणीत दोन्ही खुब्यांच्या हाडांना रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं निघालं. सौदा मोडायचा नाही आणि डोळे झाकून सहीही करायची नाही, म्हणून जानेवारीत एका वर्षाचे ५० लाख हमीचे, बाकी जितका खेळेल तितके, असं नव्याने ठरलं. नेपोलीने २३ होमरन मारले.

सात माणसं मिळून हमीचा खर्च सुमारे १० कोटी डॉलर. शिवाय जे विकत घ्यायची गरजच नव्हती तेही त्यांनी ओळखलं होतं. डेव्हिड ऑर्टिझ दुखापतीने २०१२ मध्ये ९० सामनेच खेळला होता, जॉन लॅकी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण वर्ष बाहेर होता, जॉन लेस्टरचं वर्ष खराब गेलं होतं. टोरोंटोहून आणलेला नवा मॅनेजर (मैदानावर संघ चालवणारा) जॉन फॅरेल पूर्वी बॉस्टनचाच पिचिंग कोच होता, लेस्टरला तो आतून-बाहेरून ओळखत होता. २०१३ मध्ये ९७ विजय आणि वर्ल्ड सीरिज.

दुसरा हिवाळा २०१४-१५ चा. संघ ७१-९१. धावा आटल्या होत्या, फक्त ६३४. तेव्हा फलंदाज आणा! पाब्लो सँडोव्हालला पाच वर्षांचे साडेनऊ कोटी, हॅन्ली रामिरेझला चार वर्षांचे ८ कोटी ८० लाख. दोन माणसांवर १८ कोटींच्या वर. पण जुलै २०१४ मध्ये लेस्टर, लॅकी, पीव्ही, डूब्रॉन्ट असे सुरुवातीच्या पाचांतले चार पिचर त्यांनी स्वतःच देऊन टाकले होते. त्या जागी मधल्या दर्जाचे पिचर गोळा केले. लेस्टर बाजारात होता, तो शिकागो कब्जकडे गेला. २०१५ मध्ये बॉस्टनने ७४८ धावा काढल्या, म्हणजे घेतलेलं औषध लागू पडलं, आणि ७५३ दिल्या. पुन्हा शेवटचा नंबर. ऑगस्टमध्ये चेरिंग्टन पायउतार झाला. सँडोव्हालला २०१७ च्या जुलैत काढून टाकलं, तेव्हाही करारातली दोन वर्षं शिल्लक होती.

एक खरं सांगायला हवं. २०१३ चा तोच संघ बराचसा तसाच राहून २०१४ मध्ये तळाला गेला. एक-दोन वर्षांच्या करारांनी संघ घडत नाही, क्लबची तरुण मुलं तयार होईपर्यंतचा वेळ मिळतो, इतकंच. काहींना तो वेळच पुरतो.

"फलंदाज चांगला आहे ना, कुठेही उभा करू"

रामिरेझ आयुष्यभर शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसला खेळलेला. बॉस्टनकडे त्या जागा भरलेल्या, म्हणून त्याला लेफ्ट फील्डला पाठवलं, वयाच्या ३१ व्या वर्षी. तेही फेनवे पार्कात, जिथे लेफ्ट फील्डच्या मागे ३७ फुटी हिरवी भिंत आहे आणि तिच्यावरून चेंडू कसा परततो हे शिकायला लोकांचे हंगाम जातात. एप्रिलमध्ये त्याने १० होमरन मारले आणि सगळे खूश झाले. मेच्या सुरुवातीला चेंडूमागे धावताना तो बाजूच्या भिंतीवर आदळला, खांदा दुखावला, बॅट थंडावली. क्षेत्ररक्षण तर असं, की साधे उंच झेल बघतानाही पोटात गोळा यायचा. पुढच्या वर्षी पहिल्या बेसला हलवल्यावर त्याच माणसाने ३० होमरन मारले.

जागा बदलूच नये असं नाही. सॅन डिएगोने २०२४ मध्ये जॅक्सन मेरिल या शॉर्टस्टॉपला सेंटर फील्ड दिलं आणि तो पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला. पण मेरिल २० वर्षांचा होता, पाय हलके होते, आणि बाजूला टाटिस होता. करारावर सही करण्याआधी एकच विचारा: हा माणूस नवीन जागेवर निव्वळ सरासरी ठरला, तरी हे पैसे वसूल होतात का?

वाईट वर्षाच्या भावात विकणं

बॉस्टनच्या चांगल्या हिवाळ्यातही ही चूक झालीच. मार्क मेलॅन्सन २०१२ मध्ये बॉस्टनसाठी ४५ इनिंग टाकून ६.२० ची सरासरी घेऊन बसला होता. तो आणि आणखी तिघे देऊन पिट्सबर्गकडून क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, जोएल हॅन्रहन आणला. हॅन्रहन नऊ सामन्यांत संपला, कोपर गेलं. मेलॅन्सनने त्याच वर्षी पिट्सबर्गसाठी ७१ इनिंगांत १.३९ ची सरासरी राखली. राखीव पिचरच्या ४५ इनिंग म्हणजे पुरावा नव्हे. दोन-तीन वाईट रात्री त्यात सगळं बिघडवतात.

बॉस्टन वाचलं ते उएहारामुळे. हॅन्रहन गेला, मग त्याच्या जागी आलेला अँड्र्यू बेली गेला, तेव्हा कुठे जूनमध्ये शेवटची इनिंग त्याच्या हाती आली. वय ३८, पगार ४२.५ लाख, चेंडूचा वेग यथातथाच. ७४ इनिंगांत १०१ बळी आणि फक्त ९ वॉक (चार चेंडू बाहेर टाकून फुकट दिलेला बेस). क्लोजरसाठी मोठी किंमत मोजू नका, चार स्वस्त आणा. त्यातला कोणता चालेल ते डिसेंबरात कोणालाच कळत नाही.

निदान बरोबर, किंमत चूक

२०१५ च्या ॲरिझोना डायमंडबॅक्सने ७२० धावा काढल्या, ७१३ दिल्या आणि ७९ सामने जिंकले. फलंदाजी झकास, पिचिंग कच्चं. दोष अचूक सापडला होता. झॅक ग्राइंकीला सहा वर्षांचे २० कोटी ६५ लाख दिले. तिथे थांबले असते तर ठीक. पण आठवडाभरात अटलांटाकडून शेल्बी मिलर घेतला, आणि त्याच्यासाठी काय दिलं? त्याच जूनमध्ये ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सर्वांत पहिला निवडलेला डॅन्स्बी स्वॉन्सन, सेंटर फील्डचा एन्डर इन्सियार्टे आणि पिचर एरन ब्लेअर.

मिलर टाकताना इतका खाली झुकायला लागला की चेंडू सुटल्यावर हात पिचरच्या उंचवट्याच्या मातीवर घासून बोटं सोलवटायची. ३ विजय, १२ पराभव, सरासरी ६.१५, आणि जुलैत मायनर लीगला, म्हणजे खालच्या स्तरावर, रवानगी. इन्सियार्टेला जाऊ दिलं कारण सेंटर फील्डला ए. जे. पोलॉक होता. हंगामाच्या तोंडावर सरावाच्या सामन्यात होम प्लेटवर सूर मारताना पोलॉकचं कोपर मोडलं, वर्षभरात तो १२ सामने खेळला. इन्सियार्टेने अटलांटात ओळीने तीन गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचं बक्षीस) घेतले. ॲरिझोनाने २०१६ मध्ये ८९० धावा दिल्या आणि ९३ सामने हरले. जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. नव्याने आलेल्या माइक हेझनने पिचिंग सुधारायला काय केलं? सिॲटलशी ट्रेड करून टायहुआन वॉकर आणला, ते झालंच. त्याच ट्रेडमध्ये केटेल मार्टेही आला. पण त्याशिवाय त्याने बॅटिंग करणारा कॅचर वेलिंग्टन कॅस्टिओ सोडून दिला आणि जेफ मॅथिसला दोन वर्षांचे ४० लाख दिले. मॅथिसने २०१७ मध्ये .२१५ ची फलंदाजी केली, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मात्र तो चेंडू असा झेलायचा की काठावरचे चेंडूही पंच स्ट्राइक ठरवायचे, आणि पिचर त्याच्यावर विसंबायचे. रॉबी रे ४.९० वरून २.८९ वर आला, पॅट्रिक कॉर्बिनही सुधारला. दिलेल्या धावा ८९० वरून ६५९. संघ ९३-६९. सगळं श्रेय कॅचरला देणं बरोबर नाही, पण "पिचिंग वाईट" म्हणताना चेंडू झेलणाऱ्याकडे आणि मागच्या क्षेत्ररक्षकांकडे आधी बघावं, आणि मग चेकबुक काढावं.

तिशी ओलांडलेल्याला दहा वर्षं

याबद्दल फार लिहायला नको. लॉस एंजेलिस एंजल्सने डिसेंबर २०११ मध्ये ३१ वर्षांच्या आल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांचे २४ कोटी दिले. २०१९ च्या डिसेंबरात अँथनी रेंडॉनला सात वर्षांचे साडेचोवीस कोटी दिले, तेव्हा तोटा पिचिंगचा आहे हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पुढच्या पाच हंगामांत रेंडॉनने एकदाही ६० सामने गाठले नाहीत. माइक ट्राउट आणि शोहेई ओटानी हे दोन बडे तारे २०२३ पर्यंत एका संघात असूनही त्या काळात प्लेऑफ नाही.

नाताळापर्यंत सगळे पैसे संपवणं

डिसेंबरच्या विंटर मीटिंग्जमध्ये (सगळ्या क्लबांच्या बैठकीत) बातम्या होतात, म्हणून तिथेच सगळं उरकायची घाई असते. भाव मात्र तेव्हाच चढे असतात. जानेवारीच्या शेवटी ज्यांच्या हाती करार नाही असे खेळाडू चिंतेत पडतात आणि एजंटांचे फोन उलट दिशेने यायला लागतात. रोस्टरवरच्या (संघाच्या यादीतल्या) ४० जागांपैकी दोन-तीन आणि थोडे पैसे तोपर्यंत हातात असायला हवेत.

सॅन डिएगोने जुरिक्सन प्रोफारला २०२४ च्या फेब्रुवारीत एका वर्षाच्या १० लाखांवर घेतलं. त्याने २४ होमरन मारले आणि ऑल-स्टार सामन्यात खेळला. मार्चच्या मध्यावर शिकागो व्हाइट सॉक्सकडून डिलन सीज आला. सोटोच्या बदल्यात मिळालेला तरुण पिचर ड्रू थॉर्प त्याच्यासाठी पुढे देण्यात आला. पहिला सामना तेव्हा जेमतेम आठवड्यावर होता आणि तोही सोलमध्ये. जुलैत सीजने वॉशिंग्टनला एकही हिट न देता नऊ इनिंग टाकल्या.